वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर जेवताना पाणी प्यायचं नाही, हे आयुष्यभर पाळायचं का?

तुम्ही लिहिलंय की स्लीव्ह (जठर कापून लहान करण्याची शस्त्रक्रिया) होऊन दोन महिने झाले, जेवणाआधी अर्धा तास आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी बंद असल्यामुळे दिवसभरात जेमतेम लिटरभर पोटात जातं, घास कोरडा लागतो, आणि हे असंच कायम चालणार का, याची धास्ती वाटते. माझी बायपास (हृदयाची नव्हे, वजन कमी करण्यासाठीची जठराची) होऊन काही वर्षं झाली आहेत. मी डॉक्टर नाही, पण या त्रासातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी उत्तर. जेवताना पाणी न पिण्याची आणि जेवणानंतर अर्धा तास थांबण्याची सवय कायम ठेवलेली बरी. जेवणाआधीचा अर्धा तास बहुतेकांना तेवढा कडक पाळावा लागत नाही. आणि दिवसाचा लिटरभरच हिशोब ही तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट आहे. नियम पाळताना पाणी कमी पडत असेल तर आधी पाण्याचं बघा.

नियम कशासाठी आहे ते समजलं की तो पाळणं सोपं जातं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते ती अरुंद नळी. बायपासमध्ये जठराच्या वरच्या भागाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात, आणि ती सुरुवातीला साधारण ३० मिलीच्या आसपासची असते. एवढ्याशा जागेत अर्धी वाटी पाणी गेलं तर अन्नाला जागाच उरत नाही. मग दिवसाचं किमान ६० ग्रॅम प्रोटीन कुठून पूर्ण होणार? आणि जागा नसताना रेटलं तर छातीत दाटतं, उलटी होते. बायपासवाल्यांना आणखी एक भोग असतो. पातळ झालेलं अन्न, विशेषतः गोड, झपाट्याने आतड्यात उतरलं की १० ते ३० मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब. यालाच डंपिंग म्हणतात. स्लीव्हमध्ये जठर जिथे आतड्यात उघडतं तिथली झडप शाबूत राहते, त्यामुळे हा त्रास सहसा कमी असतो, पण होतच नाही असं नाही.

पाण्यामुळे अन्न लवकर खाली सरकतं आणि भूक लवकर लागते, हेही कारण सगळीकडे सांगतात. ते बहुतांशी अनुभवावर आधारलेलं आहे, त्यामागे भक्कम अभ्यास फारसे नाहीत. माझा अनुभव मात्र त्याच बाजूचा आहे: कोरडं जेवले की पोट बराच वेळ भरल्यासारखं राहतं.

अमेरिकेतल्या बॅरिअॅट्रिक (वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या) सर्जन आणि संबंधित संघटनांनी २०१९ मध्ये सुधारून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत द्रवपदार्थांबद्दल सांगितलंय ते असं: सावकाश प्या, शक्यतो जेवणानंतर किमान ३० मिनिटांनी प्या, आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त प्या. यात जोर जेवणानंतरच्या वेळेवर आहे. साधं पाणी पोटात फार वेळ थांबत नाही, त्यामुळे कित्येक आहारतज्ज्ञ जेवणाआधी १५ मिनिटं पुरेशी मानतात. मलाही तसंच सांगितलं होतं. तुमच्या टीमला विचारून ही वेळ कमी करून घ्या. तहानलेल्या अवस्थेत जेवायला बसायचंच नाही, हे एकदा जमलं की जेवताना पाण्याची आठवण निम्म्याने कमी होते.

आता तुमचा लिटर कुठे अडतोय ते बघू. समजा तुम्ही १६ तास जागे असता आणि दिवसातून सहा वेळा खाता. प्रत्येक वेळी आधीचा अर्धा तास, खाण्याची २५ मिनिटं आणि नंतरचा अर्धा तास धरला तर साडेआठ तास पाण्याविना जातात. हेच पाच वेळा खाल्लं आणि आधीची वेळ १५ मिनिटांवर आणली तर सहा तासांच्या आत काम होतं आणि प्यायला दहा तास मोकळे राहतात. दहा तासांत दीड लिटर म्हणजे तासाला १५० मिली, म्हणजे दर दहा मिनिटांनी २५ मिलीचा एक छोटा घोट. हे जमण्यासारखं आहे. एका बैठकीला पाऊण तास लागत असेल, किंवा मधेमधे काहीतरी तोंडात टाकायची सवय लागली असेल, तर पाण्याचा वेळ तिथेच जातो. तोंडात टाकलेल्या प्रत्येक तुकड्यामागे पुन्हा अर्धा तास थांबावं लागतं, हे पटकन लक्षात येत नाही.

बाटली कायम हाताशी ठेवा आणि तिच्यावर वेळेच्या खुणा करा. तहान लागायची वाट बघू नका. शस्त्रक्रियेनंतर काहींना साधं पाणी विचित्र, धातूसारखं लागतं, गार पाण्याने छातीत आवळल्यासारखं होतं. कोमट करून बघा, किंवा लिंबाची चकती टाका. दूध, पातळ सूप, प्रोटीन शेक हेही पाण्याच्या हिशोबात धरतात, फक्त ते जेवणासोबत घ्यायचे नाहीत. सोडा आणि फसफसणारी पेयं टाळा, गोड सरबतं आणि ज्यूसही टाळा. स्ट्रॉबद्दल प्रत्येक टीमचं मत वेगळं असतं. हवा पोटात जाते म्हणून काही जण नको म्हणतात, काहींना चालते.

कोरड्या घासाचं. तुम्ही जे वर्णन केलंय ते मला तंतोतंत आठवतं. घास गिळला जातो, मग छातीच्या मधोमध कुठेतरी थांबतो. दोन मिनिटांत तोंडात फेसाळ लाळ जमते, नाक गळायला लागतं, आणि हात आपोआप ग्लासाकडे जातो. त्या क्षणी पाणी पिऊ नका. घास अडकलेला असताना वरून ओतलेलं पाणी त्याच्यावरच साचतं आणि दोन्ही मिळून परत येतात. चमचा खाली ठेवा, उभ्या राहा, खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारा, लाळ थुंकून टाका. बहुतेक वेळा थोड्या वेळात सुटतं. त्यानंतर त्या वेळचं जेवण तिथेच थांबवा.

मुळात असं होऊ नये म्हणून पदार्थातच ओल हवी. पुन्हा गरम केलेलं चिकन हा माझ्या मते सर्वांत वाईट पदार्थ, ते दोऱ्यासारखं होतं. त्याऐवजी मऊ शिजलेला मासा, दही, अर्धवट घट्ट अंडं, रश्श्यात भिजलेला तुकडा. घास नखाएवढा घ्या आणि त्याचा लगदा होईपर्यंत चावा. तोंड अगदीच कोरडं पडलं तर जीभ ओली करण्यापुरता घोट घेतल्याने काही बिघडत नाही. गोळी जेवणासोबत घ्यायची असेल तर तिच्यासाठीही घोटभर पाणी घ्यायचंच.

पाणी कमी पडल्याची लक्षणं पाठ करून ठेवा: लघवी गडद आणि कमी होणं, उठताना घेरी येणं, तोंड सुकणं, नाडी जलद चालणं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत रुग्ण पुन्हा इस्पितळात जाण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. पुढे मुतखड्याचाही धोका असतो, बायपासनंतर जास्त. घोटभर पाणीही टिकत नसेल तर त्याच दिवशी फोन करा. उलट्या दोन-तीन दिवस चालल्या तर बी-१ म्हणजे थायमिनची कमतरता वेगाने होऊ शकते आणि ती मेंदूवर जाते. अशा वेळी साखरेचं सलाइन लावण्याआधी थायमिन द्यावं लागतं, म्हणून कुठल्याही इस्पितळात गेलात तरी शस्त्रक्रिया झाल्याचं आधी सांगा. ताप, पोटात जोराची कळ किंवा खूप वाढलेली नाडी असेल तर घरी थांबूच नका.

कायमचं विचाराल तर, पहिलं वर्ष सरता सरता हे इतकं अवघड राहत नाही. पोटाची क्षमता थोडी वाढते, एकेका घोटाने दाटत नाही. मी आता घड्याळ बघत नाही, पण ताटाशेजारी ग्लासही ठेवत नाही, कारण पाण्याबरोबर जेवले की मी नक्की जास्त खाते आणि वजन परत चढू लागतं.

तुमच्या पुढच्या तपासणीला तीन दिवसांची नोंद घेऊन जा: किती वाजता खाल्लं, किती वेळ लागला, कधी किती प्यायलात. आहारतज्ज्ञाला त्यावरून वेळा बसवून देता येतील. ती तारीख लांब असेल तर वाट बघू नका, लिटरभरावर अडकलाय एवढं आजच फोन करून सांगा.