विमाने भरलेली असूनही प्रादेशिक विमान कंपनी बंद का पडते?

अमेरिकेतील प्रादेशिक विमान कंपन्यांना मोठ्या कंपन्या पैसे कशाचे देतात आणि अशा कंपनीत नोकरी घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. अशाच एका कंपनीच्या हिशेब विभागात मी नऊ वर्षे काम केले आणि ती माझ्यासमोर बंद पडली, म्हणून लिहितो.

माझे थोरले बंधू पुण्याहून आले होते, तेव्हा मी त्यांना मुद्दाम आमच्याच पन्नास आसनी विमानाने शिकागोहून घरी आणले. एकही जागा रिकामी नव्हती. शेपटीवर मोठ्या कंपनीचे रंग होते, कागदी रुमालावर तिचेच नाव होते आणि आमचे नाव फक्त दाराशेजारी, बोटभर अक्षरांत होते. उतरताना दादा म्हणाले, "एवढी गर्दी आहे, तुला नोकरीची काळजी नाही." पुढे दीड वर्षाने करार संपला, मोठ्या कंपनीने तो वाढवला नाही, आणि आम्हाला दुसरे गिऱ्हाईकच नव्हते. बँकेत आयुष्य घालवलेले दादा आजही म्हणतात, "भरलेली विमाने उडवून कंपनी बुडते, म्हणजे तुम्हीच उधळपट्टी केली असणार." हे साफ चूक आहे.

बहुतेक उड्डाणे क्षमता-खरेदी करारावर चालतात. वेळापत्रक आणि भाडे मोठी कंपनी ठरवते, तिकिटाचे सगळे पैसे तिच्याकडे जातात आणि इंधनाचा खर्चही सहसा तीच सोसते. आम्हाला प्रत्येक उड्डाणामागे, प्रत्येक ब्लॉक अवरमागे (विमान एका गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा वेळ) आणि प्रत्येक विमानामागे ठरलेला दर मिळे. कामगिरी चांगली असेल तर वर बोनस. आत पन्नास माणसे असोत की पाच, आमचे बिल तेवढेच. दादांनी पाहिलेल्या गर्दीतला एक डॉलरही आमच्या खात्यात येत नव्हता.

नुकसान मात्र येत असे. बर्फाचे वादळ आले की मोठी कंपनी आधी आमची उड्डाणे रद्द करायला लावी, कारण दीडशे प्रवाशांपेक्षा पन्नासांची सोय लावणे सोपे. तासांचे पैसे बुडत, वैमानिकांचा किमान पगार मात्र द्यावाच लागे. महिनाअखेरीस प्रत्येक रद्द उड्डाणाला कारणाचा कोड लागे: हवामान, त्यांचा आदेश किंवा आमचा बिघाड. एका फेब्रुवारीत मी रात्री दोनपर्यंत बसून एकेक ओळ तपासली, तर त्यांच्याच आदेशाने रद्द झालेली कितीतरी उड्डाणे आमच्या बिघाडात टाकलेली निघाली. तशीच राहिली असती, तर त्या महिन्याचा बोनस गेला असता.

"मग स्वतःच्या नावाने उडायचे होते," हा दादांचा दुसरा मुद्दा. अटलांटिक कोस्ट या प्रादेशिक कंपनीने तेच केले. ज्या मोठ्या कंपनीसाठी ती उडत होती, त्या युनायटेडच्या नव्या अटी नाकारून तिने जून 2004 मध्ये इंडिपेन्डन्स एअर या नावाने स्वस्त तिकिटे विकायला सुरुवात केली आणि 5 जानेवारी 2006 रोजी तिचे शेवटचे उड्डाण झाले. लहान जेटचा प्रत्येक आसनामागचा खर्च इतका असतो की स्वस्त भाड्यात तो भरून निघत नाही. मोठी विमाने घेऊन करारावर वाढावे, तर मोठ्या कंपन्यांचे त्यांच्या वैमानिक संघटनांशी झालेले करार आड येतात. प्रादेशिक जेटला साधारण 76 आसनांची मर्यादा त्यातूनच आली आहे.

मोठी कंपनी मालक असली तरी अभय नाही. डेल्टा या मोठ्या कंपनीने स्वतःच्या मालकीची प्रादेशिक कंपनी कोमएअर सप्टेंबर 2012 मध्ये बंद केली. युनायटेडने आपले काम कम्युटएअर या दुसऱ्या प्रादेशिक कंपनीकडे वळवल्यावर एक्स्प्रेसजेट या प्रादेशिक कंपनीची उड्डाणे सप्टेंबर 2020 च्या अखेरीस थांबली.

एवढे मान्य करतो, की इंधन भडकले तेव्हा याच कराराने आम्हाला वाचवले होते. स्कायवेस्ट ही प्रादेशिक कंपनी चार मोठ्या कंपन्यांसाठी उडते आणि काही मार्गांवर तिकिटाच्या उत्पन्नात वाटा घेऊन धोकाही पत्करते, त्यामुळे तिची गोष्ट वेगळी आहे.

वैमानिक असाल तर जरूर जा. उड्डाणाचे तास जमवून मोठ्या कंपनीत जाण्याची ती नेहमीची वाट आहे. हिशेबात किंवा देखभालीत जाणार असाल तर मुलाखतीत पगाराच्या आधी विचारा, की गिऱ्हाइके किती आहेत आणि सर्वांत मोठा करार कोणत्या वर्षी संपतो.