आंबट, चावट आणि पांचट

एका ताईंचा प्रश्न आला आहे. शाळेतल्या जुन्या मित्रमैत्रिणींचा त्यांचा व्हॉट्सॅपवर गट आहे, सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे. कोणी 'तसलं' काही बोललं की बाकीचे उत्तर न देता नुसतं लिंबाचं चित्र टाकतात. लिंबू म्हणजे आंबट. ताई विचारतात : "याला आंबटच का म्हणायचं? चावट, वात्रट, पांचट, अश्लील हे सगळं एकच का? आमच्यातली एक मैत्रीण म्हणते, हे आडून बोलणं इंग्रजी सिनेमांतून आलं, मराठी माणूस मुळात सोवळा. खरं आहे का?"

ताई, तुम्ही प्रश्नातच एक सुंदर नमुना देऊन ठेवला आहे : 'तसलं'. मराठीत या विषयावरचं सगळ्यात जास्त ओझं बिचाऱ्या सर्वनामांनी वाहिलं आहे. तसले सिनेमे, तसली पुस्तकं, 'त्यांच्यात तसं काही नाही', 'नको ते करून बसला', 'भलतंसलतं काही मनात आणू नकोस'. यांतल्या एकाही शब्दाला स्वतःचा अर्थ नाही. तरी बारा वर्षांच्या पोरालाही 'तसले' म्हणजे कसले ते कळतं आणि साठीच्या आजोबांनाही. सर्वनाम म्हणजे रिकामं भांडं, त्यात काय भरायचं ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. सूचक बोलण्याची सगळी युक्ती या एवढ्याशा शब्दात आहे, म्हणून सुरुवात इथून केली.

आता आंबट. मराठी माणूस या प्रकारच्या बोलण्याची परीक्षा जिभेवर घेतो. किस्सा खमंग असतो, बातमी चमचमीत असते, तिला मीठमसाला लावलेला असतो, मग लोक ती चघळत बसतात. या सगळ्या चवींत आंबटच का निवडली गेली, याचं लेखी उत्तर मला कुठल्या कोशात मिळालेलं नाही, पण माझं स्वतःचं मत पक्कं आहे. चिंच, कैरी, आवळा यांचं नुसतं नाव काढा, तोंडाला पाणी सुटतं. तिखटाचं तसं नाही, मिरची चावल्याशिवाय जीभ पोळत नाही. वस्तू समोर नसताना नुसत्या उल्लेखानं अंगात काहीतरी हलवणारी चव एकच, आंबट. आणि आडून केलेल्या बोलण्याचं काम नेमकं असंच चालतं. शिवाय लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत सुनेनं लोणच्याची बरणी उघडली की 'काय गं, आंबट खावंसं वाटतंय का?' हा प्रश्न घरोघर विचारला गेला आहे. तो प्रश्न चवीबद्दल नसतो, हे सुनेलाही ठाऊक आणि विचारणाऱ्या काकूंनाही.

'आंबटशौकीन' या शब्दानंही माझं म्हणणं उचलून धरलं आहे. तो कोणाला लावतात ते पाहा. ज्याचं पाऊल प्रत्यक्ष घसरलं आहे त्याला मराठीत बाहेरख्याली म्हणतात, बदफैली म्हणतात, जरा मायेनं रंगेल म्हणतात. आंबटशौकीन म्हणजे नुसता ऐकण्याबघण्याचा शौक असलेला, किस्सा सांगताना खुर्ची पुढे ओढणारा. त्याची मजल तोंडाला पाणी सुटण्यापर्यंतच. म्हणून आंबटशौकीन म्हटल्यावर माणूस हसतो आणि बाहेरख्याली म्हटल्यावर भांडण होतं. (लिहिताना एकच शब्द लिहावा, आणि 'की' दीर्घ.)

चावट हा माझा सगळ्यात लाडका. जुन्या मराठीत चावट म्हणजे बडबड्या, तोंडाळ, आणि चावटी म्हणजे व्यर्थ बडबड. झोपेत 'चावळणे' हा शब्द आजही आहेच. म्हणजे मुळात या शब्दाचा संबंध जीभ सैल सुटण्याशी. शृंगाराचा रंग त्याला नंतर चढला. अजूनही तो पुरता चढलेला नाही : आई पाच वर्षांच्या मुलाला 'चावटपणा पुरे' म्हणते तेव्हा तिच्या मनात दुसरं काही नसतं. तोच शब्द बायकोनं नवऱ्याला, हलक्या आवाजात आणि शेवटचा स्वर जरा लांबवून म्हटला, तर अर्थ पार बदलतो. त्या दुसऱ्या 'चावट'मध्ये रागावल्याचा आव आहे आणि मान्यता पण आहे. मला वाटतं, चावट हे विशेषण बोललेल्या वाक्याला लागतच नाही, ते दोन माणसांमधल्या नात्याला लागतं. ऐकणारा मनातून राजी असेल तरच बोलणारा चावट. तो राजी नसेल, तर तेच वाक्य बोलणारा आगाऊ किंवा लोचट होतो आणि कचेरीत असेल तर तक्रारीला पात्रही होतो.

पांचट मात्र वेगळाच. ताकात पाणी जास्त झालं की ते पाणचट लागतं, त्यातला 'ण' घासून पांचट झाला. म्हणजे पुन्हा चवच, पण चव गेल्याची. समजा, तुमच्या गटात सकाळी एकानं लिहिलं, "मुलं आजोळी गेली. घरात नुसती शांतता." दुसऱ्यानं उत्तर दिलं, "शांतता पाळा, पण फार पाळू नका." इथे लिंबू टाकायला हरकत नाही. वाक्यात एकही शब्द वावगा नाही, आजोबांना वाचून दाखवलं तरी चालेल, आणि तरी सगळा गट गालातल्या गालात हसतो. दुसऱ्या दिवशी त्या पहिल्याचं रोजचं 'शुभ सकाळ' साडेदहाला आलं. मैत्रिणीनं फक्त घड्याळाचं चित्र टाकलं. हे तर अव्वल, शब्दसुद्धा नाही! आणि मग तिसरा आला, "म्हणजे काल रात्री काय काय झालं ते आम्हाला कळलं बरं का, हा हा हा," आणि पुढे डोळा मारणाऱ्या सात पिवळ्या चेहऱ्यांची रांग. ताकात पाणी पडलं ते इथे. पहिल्या दोघांनी जे ऐकणाऱ्यावर सोपवलं होतं, ते यानं ओढून बाहेर काढलं. विषय तोच, माणसं तीच, वाक्य अश्लीलही नाही. फक्त पांचट आहे.

वात्रट याच पंगतीत बसवायची गरज नाही. वात्रट म्हणजे खोड्याळ, मर्यादा न पाळणारा. राजकारण्यांना चिमटे काढणाऱ्या चार ओळींना वात्रटिका म्हणतात, त्यात शृंगार असायलाच हवा असं नाही.

अश्लील हा शब्द मित्रमंडळींत वापरू नये, असं माझं मत आहे. तो भारी शब्द आहे. मूळ 'अश्रील', म्हणजे ज्याच्यात श्री नाही, शोभा नाही ते. 'र'चा 'ल' झाला. संस्कृत काव्यशास्त्रात अश्लील हा दोष तीन कारणांनी सांगितला आहे : लाज वाटावी, किळस यावी किंवा अमंगळ वाटावं. म्हणजे मरणाचं अशुभ सूचन करणारा शब्दही त्या हिशोबानं अश्लीलच. आज तो मुख्यतः कायद्याचा शब्द झाला आहे, आधी भारतीय दंड संहितेचं कलम 292, आता न्याय संहितेचं 294. घड्याळाचं चित्र टाकणाऱ्या मैत्रिणीला हा शब्द लावणं म्हणजे चिमुकल्या गुन्ह्याला काळ्या पाण्याची शिक्षा.

आता तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं, की हे सगळं इंग्रजीतून आलं. त्यांना माझा निरोप द्या की आपल्या भाषेचं सगळ्यात जुनं काव्य उघडून पाहा. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती, महाराष्ट्री प्राकृतातल्या, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेतल्या, सुमारे सातशे गाथा. त्यातली एक गाथा मी कितीदा वाचली असेल त्याला गणती नाही. नवरा परगावी गेलेला आहे. संध्याकाळी एक वाटसरू वस्तीला थांबला आहे. घरातली सून त्याला सांगते : सासू इथे झोपते, मी इथे. दिवस आहे तोवर नीट पाहून ठेव. हे रातांधळ्या पांथस्था, रात्री माझ्या शेजेवर येऊन पडशील, तसं करू नकोस.

किती सभ्य सूचना! सासूनं ऐकली तरी काय म्हणणार? सून बिचारी स्वतःची अब्रू सांभाळते आहे. पण तो रातांधळा आहे हे हिला कोणी सांगितलं? आणि पडू नकोस म्हणताना दोन्ही अंथरुणांचा पत्ता देण्याची काय गरज होती? वाक्य 'नको' म्हणतं आणि अर्थ 'ये' असा होतो. नवव्या शतकात काश्मीरमधल्या आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोक' लिहिला. शब्दाच्या उघड अर्थापलीकडे जो अर्थ नुसता उमटतो, त्याला त्यानं ध्वनी म्हटलं. तो ध्वनी दाखवायला त्यानं जी अगदी सुरुवातीची उदाहरणं घेतली, त्यांत ही गाथा आहे. तिच्या शेजारीच गोदावरीकाठच्या कुंजात भेटायला जाणाऱ्या बाईची गाथा आहे. फुलं वेचायला तिथे रोज येणाऱ्या धार्मिक गृहस्थाला ती सांगते की महाराज, आता खुशाल हिंडा, तुम्हाला भिववणारा तो कुत्रा आज मेला, त्या झाडीतल्या मस्तवाल सिंहानं मारला. तो गृहस्थ पुन्हा तिकडे फिरकेल का? काश्मीरच्या पंडिताला सूचकतेचा धडा द्यायला गोदावरीकाठची भाषा लागली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आणि त्या गाथेतले शब्द ऐका. सासूला तिथे 'अत्ता' म्हटलं आहे. पश्चिम महाराष्ट्रात कित्येक गावांत सुना आजही सासूला 'आत्या' म्हणून हाक मारतात, कारण आत्याच्या घरी सून म्हणून जाण्याची रीत होती. 'एत्थ' म्हणजे आपलं इथे. 'सेज्जा' म्हणजे शेज. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईचं बोलणं अजून ओळखू येतं.

पुढेही ही धार कधी सुकली नाही. तमाशातली गौळण घ्या. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण अडवतो आणि दुधादह्यावर कर मागतो. बायकांबरोबर असलेली मावशी, लुगडं नेसलेला पुरुष, त्याच्याशी घासाघीस करते. मडकं, लोणी, घुसळण यांच्याबाहेर एक शब्द जात नाही आणि सगळा फड हसून लोळतो. दादा कोंडक्यांनी पुढे पडद्यावर नेली ती हीच फडावरची विद्या. संवाद कागदावर टंकून काढला तर त्यात बोट ठेवायला जागा सापडत नाही.

एक फरक मात्र जरूर करा. आडून बोलण्याचे आपल्याकडे दोन प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ होतो. एक भीतीपोटीचा. बांगडी फुटली म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. पाळी आली म्हणायचं नाही, 'कावळा शिवला', 'बाहेरची झाली', 'अडचण आहे' म्हणायचं. यात गंमत कोणालाच नाही, उलट कितीतरी मुलींना पहिल्या वेळी आपल्याला नेमकं काय झालं हे कळायला या शब्दांनी उशीर लावला. संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड दिलं, ते याच आडपडद्याविरुद्ध. शरीराबद्दल सरळ, शास्त्रीय शब्दांत बोला, हा त्यांचा आग्रह मला शंभर टक्के पटतो. डॉक्टरांसमोर आणि वयात येणाऱ्या लेकीसमोर कावळा नको. पण दुसरा प्रकार खेळाचा आहे. त्यात दोघांनाही सरळ शब्द ठाऊक असतो, आणि ठाऊक असल्यामुळेच तो न उच्चारण्यात मजा असते. तुमच्या गटातलं लिंबू या दुसऱ्या जातीचं.

लिंबू आपलं, पण व्हॉट्सॅपवरच्या वांग्यापुरतं तुमच्या मैत्रिणीचं खरं आहे. वांग्याच्या चित्राला पुरुषाच्या 'त्या' अवयवाचा जो अर्थ चिकटला आहे तो बाहेरून आला. 2015 साली इन्स्टाग्रामनं त्या चित्राचा शोधच बंद केला होता, इतका तो तिकडे बोकाळला. मराठी मनात वांगं म्हणजे भरीत, नाहीतर चंपाषष्ठी. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी कुटुंबाच्या गटावर भरल्या वांग्यांची कृती टाकली आणि खाली हौसेनं वांग्याची पाच चित्रं लावली. भाचे मंडळी दिवसभर गप्प, एकाचंही उत्तर नाही. काकू मला विचारत होत्या, कृतीत काही चुकलं का गं? पुराणातली वांगी पुराणात राहिली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

शेवटी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आंबटशौकीन बाईला सहसा म्हणत नाहीत, तो शब्द पुरुषांच्याच वाट्याला आला. त्यावरून कोणी समजेल की हा खेळ पुरुषांचा. माझ्या आजोळी मंगळागौरीच्या जागरणाला रात्री दोननंतर, पुरुष झोपले की, कोडी सुरू व्हायची, आणि सगळ्यात पुढे असायची माझी आजी. नऊवारी, डोक्यावर पदर, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. नव्या नवरीकडे बघून ती अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायची : "परका पुरुष, धरतो हात. दाबतो, चोळतो, डोळ्यांत येतं पाणी. जाताना कळ, गेल्यावर मन हरखतं. सांग गं, काय?" नवरी लाजून लाल. बाकीच्या बायका पदर तोंडात कोंबून बसलेल्या. आजी थोडा वेळ तसाच जाऊ द्यायची, मग स्वतःचा हात पुढे करून काकणं वाजवायची. "अगं, कासार बांगड्या भरतो ते! तुझ्या मनात काय आलं?"