वाचकांचे प्रश्न : मलेरियाचे औषध आणि त्वचेवरचे माइट

प्रश्न : गालावरच्या लालीसाठी डॉक्टरांनी तपासले तेव्हा ‘डेमोडेक्स’ माइट (केसांच्या मुळाशी राहणारे, डोळ्यांना न दिसणारे आठ पायांचे जीव) सापडले. मलेरियावरच्या आर्टेमेथरने ते प्रयोगशाळेत मरतात, असे वाचले. घरात उरलेल्या गोळ्या कुटून क्रीममध्ये कालवून लावल्या तर?

उत्तर : लावू नका. नेहमीच्या गोळीत २० मि.ग्रॅ. आर्टेमेथरसोबत १२० मि.ग्रॅ. ल्युमेफॅन्ट्रिन हे मलेरियाचेच दुसरे औषध असते, शिवाय गोळी बांधायला घातलेली पूड वेगळी. आधीच चिडलेल्या त्वचेची आग वाढेल आणि केसाच्या मुळाशी औषध किती पोचले, ते कळणार नाही. रोसेशियासाठी (चेहरा लाल होऊन पुरळ येणारा त्वचाविकार) १ टक्का आयव्हरमेक्टिन क्रीम आहे, अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. तुम्हाला ते चालेल का, हे डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : एम. फार्म.च्या प्रकल्पात आर्टेमेथरने माइट मरतात का, हीच चाचणी करायची आहे. माइट कसे मिळवायचे? कुठे चुकते?

उत्तर : रात्री धुतलेल्या, कोरड्या चेहऱ्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून सकाळी काढा आणि काचपट्टीवर चिकटवा. मोजणीसाठी सायनोअॅक्रिलेट गोंदाची (झटपट चिकटणारा गोंद काचपट्टीवर घेऊन त्वचेवर दाबायचा) पद्धत चांगली (दर चौ.सें.मी.ला ५ पेक्षा जास्त माइट म्हणजे प्रमाण वाढलेले), पण गोंदात अडकलेला माइट हलत नाही म्हणून मेलेला वाटतो. जिवंत माइटच्या चाचणीला ती नको.

सगळ्यात जास्त गफलत विद्रावकात, म्हणजे औषध ज्यात विरघळवायचे त्या द्रवात, होते. आर्टेमेथरचा रेणुभार २९८.४, म्हणजे १ मिलिमोलर द्रावणात मिलिलिटरला साधारण ०.३ मि.ग्रॅ. डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या विद्रावकात ३० मि.ग्रॅ./मि.ली.चे मूळ द्रावण करून ते पाण्यात शंभरपट पातळ केले, की कागदावर आकडा बरोबर येतो. पण औषध पाण्यात जेमतेम विरघळते. कव्हरस्लिपखाली सुयांसारखे स्फटिक दिसले, तर माइटला मिळालेली मात्रा तुम्ही लिहिलेली नाहीच. तेल किंवा इमल्शन बरे. मलेरियाचे इंजेक्शनसुद्धा तेलातच असते. मात्र त्याच तेलाचा, औषध न घातलेला गट हवाच. डीएमएसओ वापरले तर १ टक्का डीएमएसओचाही. गोळी कुटून नव्हे, शुद्ध पूड घेऊन काम करा.

काचपट्ट्या ओल्या फिल्टर कागदावर झाकलेल्या पेट्री डिशमध्ये ठेवा. माइट कोरडे पडूनही मरतात आणि ते श्रेय औषधाला जाते. सूक्ष्मदर्शकाचा दिवा सतत चालू ठेवला तर उष्णतेनेही तेच होते, म्हणून पाहण्यापुरताच लावा. माइटच्या शरीराच्या पुढच्या भागातले चार जोड आखूड पाय नीट पाहा. शरीर स्थिर असले तरी पायाचे टोक हळूच आकसते. बारीक सुईने स्पर्श करून काही मिनिटे थांबा, तरीही हालचाल नसेल तरच मृत धरा. पाहणाऱ्याला कोणती काचपट्टी कोणत्या गटाची, हे ठाऊक नसावे.

मलेरियाच्या मात्रा इथे उसन्या घेऊ नका. मलेरियाचा जंतू हिमोग्लोबिन पचवतो, त्यातून सुटलेल्या हीममधले (हिमोग्लोबिनचा लोह असलेला भाग) लोह औषधातला पेरॉक्साइड पूल तोडते. डेमोडेक्स त्वचेच्या पेशी आणि तेलकट स्राव खातो, रक्त पीत नाही. म्हणून किमान चार-पाच पातळ्यांची मात्रामालिका (कमी ते जास्त अशा वेगवेगळ्या मात्रा) लावा. नमुने माणसांचे आहेत, तेव्हा पहिली चिकटपट्टी लावण्याआधीच नैतिकता समितीची परवानगी आणि लेखी संमती घ्या.