एअरबस ए३८० चं उत्पादन का थांबलं? एवढ्या मोठ्या विमानांना पुढे बाजार आहे का?

नव्याने एवढं मोठं विमान कोणी बांधेल असं मला वाटत नाही. ए३८० ला चार इंजिनं, म्हणजे इंधन आणि देखभाल दोन्ही भारी. पाचशेच्या आसपास खुर्च्या रोज भरल्या तरच हिशेब जमतो. निम्म्या रिकाम्या गेल्या तरी इंधनात फारशी बचत नाही. बोइंग ७८७ दोन इंजिनांवर, निम्म्या प्रवाशांत तेवढाच लांबचा पल्ला गाठतं. शिवाय कमी प्रवाशांच्या मार्गावरही ते परवडतं, म्हणून प्रवाशाला मध्ये मोठ्या विमानतळावर विमान बदलावं लागत नाही, थेट जाता येतं. म्हणूनच २०२१ मध्ये २५१ वं विमान देऊन ए३८० चं उत्पादन थांबलं. त्यातली जवळपास निम्मी एकट्या एमिरेट्स या दुबईच्या विमान कंपनीने घेतली. मात्र लंडनच्या हीथ्रो विमानतळावर किंवा आपल्या मुंबईसारख्या ठिकाणी धावपट्टीवर जादा फेऱ्यांसाठी वेळच मिळत नाही, तिथे एका फेरीत जास्त माणसं नेणारं हे दुमजली विमान अजूनही खरंच कामाचं आहे.