फॉरमॅट मारू नका, आधी डेटा काढा

ताई, चोपड्याच्या घरातला तुमचा डेस्कटॉप दहा-बारा वर्षांचा आहे. सुरू करताच 'सीमॉस चेकसम एरर, एफ१ दाबा' येतं, कधी त्याखाली 'स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस' येतं आणि दुपारी तो हँग होतो. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारू. कृपया मारू देऊ नका. फॉरमॅटने यातलं काहीच सुधारणार नाही, मुलांचे फोटो मात्र जातील.

सगळ्यात गंभीर आहे तो 'स्मार्ट'चा इशारा. हार्ड डिस्क स्वतःच सांगतेय की ती संपत आली. सकाळी गारव्यात मशीन सुरू करा आणि आधी फोटो, मग शेतीची कागदपत्रं, मग बाकीचं असं एक्स्टर्नल डिस्कवर घ्या. तोवर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, चालवू नका. खराब जागा शोधायला लावली की ती पूर्ण डिस्क घासून वाचते, आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच बसते. डेटा निघाला की हार्ड डिस्कच्या जागी २४०-२५६ जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) टाका. माझ्या मते जुन्या मशीनवर करण्यासारखा खर्च हाच.

पहिला, 'सीमॉस'चा इशारा किरकोळ. मदरबोर्डवरचा, तारीख आणि सेटिंग जपणारा सीआर२०३२ सेल उतरलाय. तो ३ व्होल्टचा असतो, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. भिंतीवरचं बटण रोज बंद केलं की बोर्डाला स्टँडबाय वीज मिळत नाही, सगळा भार सेलवर येतो. तारीख मागे गेल्यामुळेच वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात. वायर काढून सेल बदला आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख लावा. तिथेच साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते, बघा. आधी एएचसीआय असेल आणि सेल उतरल्यावर आयडीई झाला असेल, तर विंडोज ७ निळा स्क्रीन देऊन थांबतं, आणि लोक त्यालाच व्हायरस समजतात.

आता हँग होणं. पुढच्या वेळी झालं की कीबोर्डचं नम लॉक दाबा. दिवा बदलत असेल आणि कॅबिनेटचा डिस्कचा दिवा सतत पेटलेला असेल, तर पुन्हा डिस्कच. नम लॉकचा दिवा ढिम्म असेल, तर उष्णता, रॅम किंवा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा).

दुपारीच होतं म्हणता, म्हणून मला उष्णतेचा संशय जास्त आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि भाव येईपर्यंत कापूस घरातच पडलेला असतो. त्याचे तंतू पंख्यातून आत ओढले जातात आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखे घट्ट बसतात. वरून पंखा फिरताना दिसतो, खाली हवा जातच नाही. वायर काढून कॅबिनेट अंगणात न्या, पंखा सोडवा, खालचा थर मऊ ब्रशने उचला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. रॅम काढून तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलके पुसा.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. नव्या एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाकलीत तर ब्राउझर, मराठी टायपिंग, हिशेब सगळं होतं.

कॅबिनेट उघडं असतानाच प्रोसेसरजवळचे कपॅसिटर बघा. माथा फुगलेला किंवा तपकिरी चीक दिसला तर बोर्डवर पैसे घालू नका. एसएसडी पुढच्या मशीनलाही लागेल.