नेमबाजी करताना कोपर दुखू नये म्हणून कोणते व्यायाम आणि स्ट्रेचिंग करावं?

तुम्ही लिहिलंय की १० मीटर एअर पिस्तूल करता, स्पर्धेसाठी सराव वाढवलाय आणि सराव संपला की कोपराची बाहेरची बाजू ठसठसते. दुखणं वाढू नये म्हणून नेमकं कोणतं स्ट्रेचिंग करायचं, हा तुमचा प्रश्न. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हौसेने पिस्तूलही चालवतो. नुसत्या स्ट्रेचिंगवर भागणार नाही, हे आधीच सांगतो. त्याने बरं वाटतं, पण कोपर टिकतं ते हळूहळू वाढवलेल्या वजनाच्या व्यायामाने.

दुखतं कोपरात, पण राबत असतं मनगट. मनगट वर उचलून धरणारे आणि बोटं सरळ करणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला चिकटलेले असतात. मनगट आत वळवणारे आणि मूठ आवळणारे आतल्या उंचवट्याला. बाहेरचं दुखणं म्हणजे टेनिस एल्बो, आतलं म्हणजे गोल्फर्स एल्बो, मग आयुष्यात कधी रॅकेट धरली नसली तरी! गंमत अशी की मूठ आवळली की मनगट खाली मुडपू नये म्हणून वरच्या बाजूचे स्नायूही आपोआप ताठतात. त्यामुळे ग्रिप गच्च धरणाऱ्या नेमबाजाची बाहेरची बाजू आधी कुरकुरते.

एअर पिस्तूल नियमाप्रमाणे दीड किलोपर्यंत असू शकतं. ऐकायला हे काहीच नाही, पण ते ताठ हाताच्या टोकाला, मनगट तसूभरही न हलवता धरायचं असतं. सामन्यात ६० शॉट. नेम जमला नाही म्हणून न मारता खाली घेतलेला हात आणि घरचं ड्राय फायर (छर्रा न भरता चाप ओढण्याचा सराव) यांची मोजदाद कुणीच करत नाही, पण कोपराच्या खात्यात ते सगळं जमा होतं. त्यातून स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतो, पण त्याला हाडाशी जोडणारा टेंडन सावकाश तयार होतो. म्हणून दुखणं बहुधा स्पर्धा जवळ आल्यावर, एकदम सराव वाढवला की उपटतं.

आता मुख्य व्यायाम. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर टेकवा, तळहात जमिनीकडे आणि पंजा टेबलाच्या कडेबाहेर. हातात एक किलोचं डंबेल घ्या. दुसऱ्या हाताने आधार देऊन पंजा वर आणा, आधार काढा आणि मनातल्या मनात चार मोजत सावकाश खाली सोडा. खरं काम या खाली सोडण्यात आहे; तिथे घाई केली तर व्यायाम फुकट. १५-१५ चे तीन सेट, एक दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की वजन अर्ध्या किलोने वाढवा. तळहात वर करून हेच केलं की आतली बाजूही तयार होते. करताना दहापैकी दोन-तीन इतकं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखत असेल तर वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका. हालचालीनेच दुखत असेल तर पंजा मनगटाच्या रेषेत ३०-४५ सेकंद नुसता धरून ठेवा, असं चार-पाच वेळा. पिस्तूल धरतानाही आपण दुसरं काय करतो?

पाचही बोटांच्या टोकांभोवती जाड रबरबँड अडकवून बोटं फाकवणं हा व्यायाम कुठेही बसून होतो. हातोडी दांड्याच्या टोकाशी धरून हातोडीचं डोकं सावकाश डावीकडे-उजवीकडे झुकवलं की हात फिरवणाऱ्या स्नायूंचंही काम होतं. आणि खांदा विसरू नका. खांदा थकला की पिस्तूल खाली येऊ लागतं आणि आपण नकळत मूठ आवळून ते सावरायला बघतो. इलॅस्टिक बँड दाराला बांधून मागे ओढणं आणि कोपर कुशीला ठेवून हात बाहेर फिरवणं, आठवड्यातून दोन-तीनदा, पुरेसं आहे.

स्ट्रेचिंग सराव झाल्यावर. हात समोर ताठ, तळहात खाली, दुसऱ्या हाताने पंजा आपल्याकडे खाली ओढा; ३० सेकंद, तीनदा. मग तळहात वर करून बोटं खाली-मागे ओढा. कोपर वाकवलंत तर ताण निघून जातो, कारण हे स्नायू कोपर ओलांडून वर गेलेले असतात. सरावाआधी मात्र लांबलचक स्ट्रेचिंग नको, स्नायूची ताकद थोडा वेळ उतरते. पाच मिनिटं खांदे-मनगटं फिरवा, मुठी उघडझाप करा, एवढं पुरे.

ग्रिप किती घट्ट धरायची यासाठी जुनी युक्ती: हात थरथरेपर्यंत आवळा, मग थरथर थांबेपर्यंत सैल सोडा. तीच तुमची पकड. दोन शॉटच्या मध्ये पिस्तूल टेबलावर टेकवा. साहित्याची जड बॅग हातात लोंबकळत नेण्यापेक्षा पाठीवर घ्या. दिवसभर पकड सांभाळून शेवटी बॅगेने कोपर धरलेले पुष्कळ पाहिलेत.

रायफलवाल्यांसाठी एक ओळ: प्रोन पोझिशननंतर (पालथं झोपून नेम धरल्यावर) करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तो टेंडन नव्हे, कोपरामागची नस दबतेय. तिथे डंबेल कामाचं नाही. कोपराखालची मॅट आणि स्लिंगची (रायफलला आधार देणाऱ्या दंडावरच्या पट्ट्याची) जागा बघा आणि डॉक्टरांना दाखवा. सूज असेल, हात पूर्ण सरळ होत नसेल किंवा दुखण्याने झोपमोड होत असेल तरी तेच.

स्पर्धा तोंडावर आली की स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा मोह होतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या १६५ रुग्णांच्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात, ते घेतलेल्यांना महिन्याभरात आराम पडला, पण वर्षभरात निम्म्याहून अधिक जणांचं दुखणं उलटलं. नुसतं सलाइन टोचलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. त्यापेक्षा आठवड्याला सराव थोडा-थोडाच वाढवा आणि सामन्याआधीचे तीन-चार दिवस डंबेल बाजूला ठेवा. तेव्हा फक्त रबरबँड आणि हलकं स्ट्रेचिंग.