हौदातला 'द'

प्रश्न थोडक्यात असा: वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात मालगुजाराचा, म्हणजे सारा भरणाऱ्या गावमालकाचा, बगीचा होता. गुलाबाचे ताटवे, मधोमध कारंजं, कडेने बांधीव पाट. आता तिथे तूर उभी असते. उरलाय तो हौद. ग्रामपंचायत पाटी लावणार, आणि वाद पेटलाय. 'बगीचा' हिंदी म्हणून 'उद्यान' लिहावं का? आणि हौद बरोबर की हौज?

'बगीचा हिंदी' हे ऐकून माझे कान किटले आहेत. शब्द फारसी आहे, 'बागचा', म्हणजे लहान बाग. गालिच्यातला 'चा' तोच. आपल्याकडे मात्र पाच एकर संत्री लावणाराही 'बगीचा लावला' म्हणतो. त्यातलं लहानपण केव्हाच गळून पडलं. नागपूरकर भोसल्यांनी महाराजबाग केली, तुळशीबाग केली. 'महाराजोद्यान' केलं नाही. दोन घसरगुंड्या आणि सिमेंटचा एक ससा बसवून 'उद्यान' म्हणायची खोड शहरांची, ती तुम्ही कशाला उचलता? लोक 'बगीच्याचं वावर' म्हणत असतील तर तेच लिहा.

आता हौद. खरी गंमत इथे आहे. मूळ अरबी शब्दाच्या शेवटी एक जड 'द' आहे. तो इराणी जिभेला पेलला नाही, त्यांनी त्याचा 'झ' केला. फारसीतून आपल्याकडे आलेल्या अशा शब्दांत मग 'ज' आला: काजी, अर्ज, मर्जी, गरज, जामीन, कज्जा. तुमच्या पत्त्यातला 'जिल्हा'सुद्धा त्यातलाच. या सगळ्या रांगेत हौद तेवढा 'द' धरून बसलाय. का?

माझे एक प्राध्यापक स्नेही सांगतात, कोकणात अरब खलाशांकडून तो थेट आला. छान! खलाशी हौद बांधायला उतरले होते काय? आणि उत्तरेकडच्या खेड्यांत गुरांच्या पाण्याच्या टाक्याला 'हौदी' म्हणतात, तिथे कुठलं बंदर? माझ्या मते हे काम हत्तीवरच्या हौद्याचं. तो शब्द निराळा, अरबी 'हौदज'. पण दोन्ही वस्तू पोकळ, काठाच्या, आणि दोन्ही बड्या माणसाच्या दारातल्या. कानाने एकाचा 'द' दुसऱ्याला चिकटवला. दस्तऐवज मागू नका, नाहीये. तरी खलाशांपेक्षा हत्ती बरा.

आमच्या आजोळी असाच एक अष्टकोनी हौद होता. चुन्याचा गिलावा, बुडाशी कारंज्याच्या नळीचं भोक, त्यात लाकडाची खुंटी ठोकलेली. १९५१ साली मालगुजारी गेली, पण गुलाब त्याआधीच, मोट थांबली तेव्हाच वाळले होते. ढोरांच्या माना घासून घासून काठ आरशासारखा गुळगुळीत झालेला. "ढोरं हौदावर ने रे," मामी रोज सांजेला म्हणायची. मामीला हौज म्हणजे काय ते विचारलं असतं तर तिने मलाच हौदात बुचकळलं असतं.

तेव्हा हौद. फक्त रंगाऱ्याला 'द' नीट काढायला सांगा. आमच्याकडच्या पाट्यांवर त्याचा हटकून 'ढ' होतो.